सोहारमध्ये बसून मी रशियाचं करू काय?

...नाही, पण मला सांगा, सोहारमध्ये बसून मी रशियाचं करू काय? दोन बेडरूम, एक हॉल आणि माणूस एक! आणि त्या एका माणसाच्या डोक्यात अख्खा रशिया, अकरा टाइमझोनसकट! हसू नका. तुम्हाला सांगतो, मी दयानंद, इथल्या पोलादाच्या कारखान्यात मेंटेनन्सला, बावीस वर्षं ओमानात. माझा आणि राजकारणाचा संबंध काय, तर पेपर शेवटच्या पानावरून वाचायला घ्यायचा आणि पहिल्या पानापर्यंत पोचायच्या आत चहा संपायचा. असा मी!

झालं काय, तर आमची भावना बारावी झाली, पॉलिटिकल सायन्स घ्यायचं म्हणाली, गेली पुण्याला. तिची सोय लावून द्यायला आमची तृप्ती, म्हणजे सौ., सोबत गेली. 'दोन महिन्यांत येते हो!' दोन वर्षं झाली, अजून सोय लागतेच आहे! आता बोलायचं तर कधी? माझी सुट्टी शुक्रवारी, त्यांची रविवारी. मी मोकळा तेव्हा पोरगी कॉलेजात, ती मोकळी तेव्हा मी भट्टीपाशी हेल्मेट घालून उभा. राहिलं काय, व्हॉइस मेसेज! आणि त्यात तरी काय हो... 'जेवलात?' 'जेवलो.' 'कसं चाललंय?' 'मस्त.' 'बरं.' खलास!

आणि एक दिवस पोरीचा मेसेज आला. ती इथल्या इंडियन स्कूलची, मराठी बोलते म्हणजे अंधारात जिना उतरल्यासारखी, एकेक पायरी चाचपत. 'बाबा, मला ना... प्रोजेक्ट आहे. रशियाचं डोमेस्टिक पॉलिटिक्स आणि फॉरेन पॉलिसी, त्यांचं... रिलेशन. तू हेल्प करशील?' पाच वेळा ऐकला मी तो मेसेज! दोन वर्षांत पहिल्यांदा पोरीनं मला काहीतरी विचारलं होतं हो!

मग काय, यल्ला, चला! शिफ्ट संपली की आंघोळ, कुकर लावायचा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्यासमोर टेबल, आणि मी रशियात! काय काय वाचलं म्हणून सांगू... २०१४ साली रशियानं क्रिमिया घेतला आणि त्यांच्या अध्यक्षांची लोकप्रियता गेली ऐंशी टक्क्यांच्या वर! चार वर्षांनी पेन्शनचं वय वाढवायला काढलं, तर तीच लोकप्रियता धाडकन खाली, लोक रस्त्यावर! म्हणजे बाहेर कमावलेलं घरातल्या म्हाताऱ्यांनी घालवलं ना? मी पोरीला सांगितलं, 'भावना, देश बाहेर असा का वागतो हे कळायला हवं असेल तर आधी त्याच्या घरात काय चाललंय ते बघ. घरात कुरबुर वाढली की दारात उभं राहून शेजाऱ्यावर ओरडायचं. टीव्ही त्यांच्याच हातात, तो दिवसभर सांगणार, शत्रू आला, शत्रू आला... मग घरातलं कोण कशाला तोंड उघडेल?' नऊ मिनिटांचा मेसेज! आणि लगेच उत्तर, 'वॉव बाबा! मग नेक्स्ट?'

नेक्स्ट म्हणाली! आता सांगा, थांबेल माणूस?

आमच्या बिल्डिंगखाली गुलजारभाईंचं चहाचं दुकान आहे, रत्नागिरीकडचे. मी आधी त्यांच्यापुढे सराव करायचो. ते चहा ओतता ओतता म्हणाले, 'दयाभाई, तुमचं उलटं आहे. नाटो दाराशी येऊन बसली तर घरवाला गप बसेल काय? बाहेरच्यानं घर बिघडतं, घरानं बाहेर नाय बिघडत!' हाही एक पक्ष आहे हो, मोठमोठे विद्वान हेच म्हणतात! तोही पोरीला पाठवला, सात मिनिटं. तेलाचा भाव, आठ मिनिटं. निर्बंध, दहा मिनिटं आणि वर पुरवणी तीन मिनिटांची! आणि दरवेळी पुण्याहून एक प्रश्न यायचाच. तीन महिने घरात कुणी नाही असं वाटलंच नाही मला. भात दोन माणसांचा लावायला लागलो होतो... सोहारमध्ये बसून मी रशियाचं करू काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं ना, तर त्यालाही अकरा मिनिटांचं उत्तर दिलं असतं!

गेल्या मंगळवारी पोरीचा मेसेज आला, मागे कॉलेजचा गलका. लावला. 'आई, आज तुझी टर्न. प्रोजेक्ट तर मी लास्ट मंथच सबमिट केलं ना, आता मला क्वेश्चनच सुचत नाही. तू विचार ना बाबाला काहीतरी रशियाचं. नाहीतर तो परत गप्प होईल.'

आईचा मेसेज, आला बाबाला! अर्ध्या मिनिटात पुसून टाकला तिनं. पण मी ऐकला होता ना...

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटलं. परत गप्प होईल म्हणे! म्हणजे मी गप्प झालो होतो, हे त्यांना कळलं होतं तर. मी तर रोज मस्त चाललंय म्हणून सांगत होतो! आणि बघा ना, तीन महिने क्रेमलिनच्या भिंतीला कान लावून बसलो होतो, आत काय शिजतंय, आत काय शिजतंय... आणि तिकडे माझ्याच घरात दोघी जणी बैठका घेऊन ओमानबाबतचं धोरण ठरवताहेत, पाळ्या लावताहेत, याचा मला पत्ता नाही! एवढा मी तज्ज्ञ! मग सांगा, सोहारमध्ये बसून मी रशियाचं करू काय?

संध्याकाळी, पोरगी घरी पोचल्यावर, तृप्तीचा मेसेज. बावीस वर्षांत जिनं मला पेपरातली एक बातमी विचारली नाही, ती म्हणते, 'अहो, ते... रशियात पेन्शनचं वय... कितीवर नेलं म्हणालात?' मागून पोरगी पुटपुटत होती, चक्क ऐकू येत होतं! काय करणार होतो मी? कळलंय म्हणून सांगितलं असतं, तर परत 'जेवलात?' 'जेवलो.' मग मी घसा साफ केला आणि म्हटलं, 'चांगला प्रश्न विचारलास!' चौदा मिनिटं!

पण दोघींचे प्रश्न संपत आलेत हो, आवाजावरून कळतं. बिचाऱ्या किती ताणतील? शेवटी मीच कालपासून चीन वाचायला घेतलाय. माझं काँट्रॅक्ट अजून तीन वर्षांचं आहे... मोठा देश आहे, पुरेल.