आवतणातून गळालेली ठाकराई

मंडळी, ऐका! आज एका शब्दाची चिरफाड करायचीय — गल्लाभरू. सिनेमावाल्यांना, नाटकवाल्यांना हासडता ना ही शिवी? गल्ला म्हणजे दुकानदाराच्या मांडीशी असते ती पैशाची पेटी. ती भरण्यासाठीच जी कला, ती गल्लाभरू. झाला अर्थ. पण मला सांगा, कलावंतानं पैसा घेतला म्हणजे पाप केलं का? अहो, मी काय वारा खाऊन उभा आहे? या कीर्तनाची बिदागी माझीही ठरलीय — कमिटीच्या अध्यक्षांनी किती घासाघीस केली, ते त्यांनाच विचारा! मग पाप नेमकं कुठं?

कोंडाबाई नावाची एक म्हातारी. निंबदरा तिचं गाव, ते धरणात गेलं. घर गेलं, शेत गेलं, कुलदेवी ठाकराईचं ठाणंही पाण्याखाली गेलं. मग देवी उरली कुठं? गोंधळ्याच्या जिभेवर! गोंधळात आधी देवांना आवतण असतं, एकेकाला गावासकट नाव घेऊन बोलावतात. नाव घेतलं तर देवी आली. नाही घेतलं तर तिला आता दुसरं घर नाही.

नातवाचं लग्न झालं, कोंडाबाईनं गोंधळ घातला. गोंधळी अंबादास. त्याच्या आज्यापासून हेच घराणं तिच्या घरी येतंय. पण आता पठ्ठ्याचं नाव झालेलं — रंगीत दिवे काय, कानाला माईक काय! म्हातारीनं दिवटीत तेल घातलं आणि हात जोडून बसली. अंबादासनं तीन देव कसेबसे उरकले. मग मांडवात एक नोट वर झाली. "सोनेवाले बबनशेठ, गोंधळाला या!" दुसरी नोट. "नगरसेवक अण्णा, गोंधळाला या!" अरे, आवतण कुणाचं आणि बोलावतोस कुणाला? पण टाळ्या पडल्या, मंडळी. शिट्ट्या पडल्या. आणि गडी थेट सिनेमाच्या चालीवर गेला.

म्हातारी उठली.

"ए आजी, बस खाली, शूटिंगमध्ये येतेस," कुणीतरी खेकसलं. ती थांबली नाही. दिवटीपुढं जाऊन म्हणाली, "अंबादासा, माझी आई राहिली."

"घेतो की. काय नाव म्हणालात?"

"तेल घालायचं काम माझं, नाव घ्यायचं तुझं. तुझ्या आज्याला कधी सांगावं लागलं नाही."

संबळ थांबला. अंबादास आठवू लागला. नोटावाल्यांची नावं घडाघडा येत होती, ठाकराईचं येईना. शेवटी तिनंच बोळक्या तोंडानं, माईकशिवाय हाक मारली, "निंबदऱ्याची ठाकराई, गोंधळाला ये गं बाई." आणि तिथंच मटकन बसून रडली.

कळलं पाप कुठं? पैसा घेण्यात नाही. पेटी भरताना जागा करायला काय बाहेर फेकलं, तिथं! आणि अंबादासला एकट्याला शिव्या घालू नका. शिट्ट्या कुणी मारल्या? मी होतो त्या मांडवात. माझीही एक टाळी होती त्यात. तिची मला अजून लाज वाटते.

आणि आज? इथं चढताना तुमच्या कमिटीनं हातात चिठ्ठी कोंबली: "महाराज, विठ्ठलाच्या आधी देणगीदारांची एवढी सात नावं घ्या." ही बघा. आता मी ही वाचायला लागलो, तर मला अडवायला तुमच्यातलं कोण उठेल?

टाळ थांबवा रे. मला आधी तो माणूस उभा राहिलेला बघू दे.