मामाची मांडी

लिवा मास्तर, पन हळू लिवा, मला भरभर बोलनं होत न्हाई आता. जन्म कोन्या सालचा ते ठावं न्हाई. माहेर तेलगावच्या अंगाला, गावाच्या खालच्या बाजूला आमचा मांगवाडा, दोर वळनाऱ्याची घरं. तेची मला लाज न्हाई, तसंच लिवा. बाप अंबाडी भिजवायचा, सोलायचा, वाळवायचा आन् कासरं, म्होरक्या, नाडं वळायचा, पोळ्याच्या आदी तर जेवायला सवड न्हाई. माझं पाळन्यातलं नाव सखू. राहेल मागून झालं, ते सांगते. माय मी रांगत व्हते तवाच गेली, मला थोरल्या भावानं वाढवलं, लक्षुमनदादानं. खांद्यावर घेऊन दोर वळायचा. माझ्या लाळीनं तेची पाठ वली व्हायची म्हनं.

दादाच्या बी वर येक भाऊ व्हता, म्हादू. तो मला नीट आठवत न्हाई, पन तेची गोष्ट सांगावीच लागंल, तेच्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. बापानं नवस केलता का पयला पोरगा मरीआईला देतो. तवा म्हादूचे केस कवा कापले न्हाई. बारा वर्साचा झाला तवा कमरंला खन बांधला, पायात घुंगरू, हातात कोरडा, झाला पोतराज. गावोगाव फिरायचं, बायांच्या दारात आपल्याच पाठीवर कोरडा मारून घ्यायचा, मग बाया सुपातून जवारी घालायच्या. पाच-सहा वर्सं फिरला. मग गेवराईच्या बाजाराच्या कडंला झाडाखाली मरून पडलेला गावला, पाठीच्या जखमा चिघळल्यात्या. दादानं तेला गाडीत घालून आनला, येकल्यानं. तवापासून दादा मरीआईम्होरून जाताना मान खाली घालायचा, पाया पडला न्हाई आन् शिवी बी दिली न्हाई.

मग माझं लगीन झालं, घाटनांदूरच्या अलीकडं दिलं मला. कानपिळीला दादानं नवऱ्याचा कान आसा पिळला का ते बिचारं डोळ्यात पानी आनून म्हनलं, आवो पटका घ्या पन कान सोडा. लई हसलो. तेवढंच हसू पुरवून पुरवून वापरलं बगा म्या.

दोन लेकरं झाली आन् दोनी गेली. आदी पोरगी, मग पोरगा. दोनी जावळासकट गेली. पोटातून आनलेले केस ते, पयल्यांदा काढायचे तर मामाच्या मांडीवर बसवून काढायचे, आमच्यात तसंच हाय, तुमच्यात बी आसंल. दादा यायचा म्हनून दिस धरावा, आन् तेच्या आदी लेकराला ताप यावा. दोनदा आसंच झालं. माझ्या मनात बसलं का मामाची मांडी गावली आस्ती तर लेकरं वाचली आस्ती. येडेपना म्हना. माय व्हा मग म्हना.

पोरगा गेला तवा आमचे मालक लई खचले. बाजारात येक उपदेशक यायचे, पेटी वाजवून गानी म्हनायचे, मालक त्येंच्यापशी जाऊन बसाय लागले. येक दिस म्हनले, मी येसूचा व्हनार. मला त्या धर्मातलं काय कळत व्हतं? खरं सांगते, येवढंच कळलं का ह्यो देव बी लेकरू गेलेला बाप हाय. मग मी बी कबूल झाले. मालक धोंडिबाचे याकोब झाले, मी सखूची राहेल. बिरादरीनं चिलीम-पानी बंद केलं.

दादा आला, दोन मुक्कामाची वाट चालून. उंबऱ्याच्या आत आला न्हाई. म्हनला, सखू, मला दोन पोरी उजवायच्यात, बिरादरी सोडून मी कुठं जाऊ? आजपासून मला बहीन न्हाई. मला तवा पाचवा महिना व्हता. मी तोंडाची फाटकी, राग आला का मागचा पुढचा इचार न्हाई. म्या म्हनलं, मग हे जे पोटात हाय ना, तेच्या डोक्याला वस्तरा लागायचा न्हाई, तू मांडी देशील तवाच लागंल, न्हाईतर तसंच राहू दे मरंपातूर. दादानं जोडा पायात घातला आन् गेला.

बोलून गेले मास्तर. रागात बोललेलं धुऊन निघत न्हाई.

पोरगा झाला. पाद्रीबाबानं नाव ठिवलं शमुवेल. आमच्या देवळाला तवा घंटा न्हवती, लिंबाला नांगराचा फाळ टांगलेला, तेच्यावर दगड हानायचा का प्रार्थनेला मानसं जमायची. ते काम आमच्या मालकाकडं. तर शमुवेलचा बाप काय करायचा, पोराचं काय बी पयलं झालं का जाऊन फाळ वाजवायचा. पयला दात आला, तीन टोले. बसाय लागला, तीन टोले. पयलं पाऊल टाकलं तवा मी घुगऱ्या शिजवल्या आन् चार घरं जमली, उपदेशकानं हात वर करून आशीर्वाद मागितला. वरच्या आळीतले हसायचे, आज याकोबाचं पोरगं शिंकलं वाटतं. मालक म्हनायचे, हसू द्या, दोन लेकरांच्या येळंला मी गप बसलो, आता देवाला सांगून सवरून वाढवनार. लई साधा मानूस. तेला फाळाचा आवाज गोड लागायचा आन् मला तेचा.

पन जावळाचे टोले काय वाजंनात. येक वर्स, दोन वर्सं, तीन. दादाकडं बाजारातल्या मानसासंग सांगावा धाडला, जवाब न्हाई. पाद्रीबाबा म्हनले, बाई, केस काढा, उवा झाल्यात. म्या म्हनलं, बाबा, तुमीच वाचून दावलं का न्हाई, बायबलातल्या त्या हन्नाबाईनं देवाला शबूद दिलता का माझ्या पोराच्या डोक्याला वस्तरा लागनार न्हाई, आन् तेचं नाव बी शमुवेलच. पाद्रीबाबा हसले, मग गपकन गंभीर झाले. म्हनले, तिनं देवाला दिलता, तू भावाला दिलास. बोलनं खरं व्हतं. पन खरं कळलं म्हनून भ्या जातं का? वस्तरा घेतला का मला त्या गेलेल्या दोन लेकरांची तोंडं दिसायची.

चौथ्या वर्सी मीच गेले चालत. दादा वाड्यापुढं दोर वळीत व्हता. दोर येकट्याला वळता येत न्हाई मास्तर, येकानं पीळ घालायचा आन् दुसऱ्यानं ताणून धरून मागं मागं सरायचं. वहिनी मोलमजुरीला गेलती, तेनं खुंटीला टोक बांधून कसंबसं चालवलतं. मला बगितलं आन् तोंड फिरवलं. म्या खुंटीचं टोक सोडलं आन् हातात धरलं. तो पीळ घालीत राहिला, मी मागं सरत राहिले. अखंड नाडा वळला आमी, येक शबूद न्हाई. झाल्यावर तेनं विळीनं शेवट कापला आन् म्हनला, जा आता, लोकं बगत्यात. मी तशीच उपाशी माघारी फिरले. रस्ताभर रडले, पन हाताला अंबाडीचा वास व्हता, तेवढा बरा वाटला.

मग पोराच्या केसाला जट झाली. किती इंचरलं, तेल घातलं, सुटंना. आन् हितंच घोटाळा झाला. वरच्या आळीतल्या बाया येऊन लांबून पाया पडाय लागल्या. म्हनाय लागल्या, पाद्र्याच्या देवाकडं गेले तरी मरीआईनं आपला पोतराज सोडला न्हाई. मी हाकलायचे, त्या हळद-कुंकू उंबऱ्यावर ठिवून पळायच्या. भावावर रुसून ठिवलेले केस, आन् लोकांनी तेचा देव केला. त्या पाद्रीबाबाला मी काय तोंड दावू? प्रार्थनेला गेले का मागंच बसायचे.

पाचव्या वर्सी पटकी आली. रोज येक-दोन मानसं जायाची. गावानं ठरिवलं, मंगळवारी मरीआईचा गाडा शिवंपार लोटायचा, म्हंजी रोग तेच्यासंग गावाभाईर जातो. आन् पाटलाचा मानूस आमच्या दारात आला. म्हनला, देवीचं पोरगं तुमी कोंडून ठिवलंय म्हनून ही पटकी, मंगळवारी तेच्या हातात कोरडा द्यायचा, गाड्यापुढं चालवायचा. पाच वर्सांचं लेकरू. मालक म्हनले, राहेल, आता तरी कापतो. कातर घेतली, जटेपातूर नेली आन् थांबले. आता निसती माझी जिद न्हवती ना. ज्यो कापंल तेच्यावर गावातलं समदं मरन आलं आस्तं. उद्या कोनी मेलं तर म्हनले आस्ते, ह्येनंच देवी कापली. घर जाळलं आस्तं. मालकांनी कातर खाली ठिवली. आमी दोघं बसून राहिलो. प्रार्थना म्हनाय गेले तर शबूद आठवंना, निसतं बापा, बापा.

खबर बाजारामार्गं तेलगावच्या अंगाला गेली आसंल. सोमवारी दुपारी, भर उन्हाचं, दादा आला. लपून न्हाई, वरच्या आळीतून, चावडीपुढून आला. देवळाम्होरं लिंबाखाली गोनपाट आथरलं, मांडी घालून बसला आन् म्हनला,

सखू, आन भाच्याला.

मानसं गोळा झाली. पाटलाचा मानूस म्हनला, बे, देवीचे केस हायत ते. दादानं तेच्याकडं बगितलं सुद्दा न्हाई. म्हनला, येक भाऊ दिलाय तिला. भाचा देत न्हाई. कोप व्हायचा तर माझ्या डोक्यावर व्हऊ द्या, माझं नाव लक्षुमन, गाव समद्यांना ठावं हाय. उपदेशक म्हनले, भाऊ, प्रभूनं तुमाला पाठिवलं, या आत प्रार्थनेला. तर दादा म्हनला, मी देव बदलाय न्हाई आलो, भाच्याचं जावळ काढाय आलो.

आमच्या लेकराला न्हावी कुठला? दोराची विळी व्हती तीच. ती जट दोरावानी कापली तेनं, मग कातरीनं बारीक केलं. पोरगं रडलं न्हाई. मामाच्या कानातल्या बाळीशी खेळत बसलं. आन् आमचे मालक येकदम उठले आन् फाळ वाजवाय लागले, तीन टोले कसले, हात दुखंपातूर वाजवला. मी तिथंच मातीत बसले आन् भडाभडा रडले.

पटकी आठ-पंधरा दिसात वसरली. ती देवीनं नेली का देवानं, मी कोन सांगनारी. घर कोनी जाळलं न्हाई. पन दादाचं जळलं. बिरादरीनं तेला बी भाईर काढला. दोन पोरी उजवल्यात्या, धाकटी काशी पाळन्यात व्हती आन् पाळन्यातच तिची सोयरीक ठरलीती, ती मोडली. तो लग्नात हलगी बी वाजवायचा, ती आता कोनी बोलवंना. तो ना तेंच्यात, ना आमच्यात. मला कवा येका शबदानं बोलला न्हाई. बोलला आस्ता तर बरं झालं आस्तं. माझ्या येका रागाच्या बोलन्यापायी त्या मानसानं उरलेली समदी उमर येकट्यानं दोर वळला.

काशीला कोनी मागंना. मग म्या शमुवेलला इचारलं, मामाची पोरगी करशील का. तो म्हनला, माय, हे इचारायची गोष्ट हाय का? तिनं बाप्तिस्मा घेतला, लगीन झालं. आमचे मालक ते बगून गेले, बरं झालं. दादा ह्या उन्हाळ्यात गेला. खांदा द्यायला बिरादरीतलं कोनी आलं न्हाई. शेवटचं आजारपन कळलं तवाच शमुवेल आन् आमच्या देवळातली चौघं गेलती दोन मुक्काम चालत, त्येंनीच खांदा दिला. बाप्तिस्मा नसलेल्याला आपल्या कबरस्तानात जागा न्हाई, आमच्या देवळातले म्हनले, तर जिथं दोर वळायचा तिथंच पुरला तेला.

आता ऐतवारी शमुवेलच्या पोराचं जावळ. म्हनून तर तुमाला वही घेऊन बोलावलं, लेकरानं मोठं झाल्यावर हे वाचावं. काशीला भाऊच न्हाई, तर लेकराला मामा कुठून आनायचा? पोरगी चार दिस झाले रडती. म्हनती, आत्या, मामाबिगर नगं, थांबू, कोनी चुलत-मावस बगू. मी म्हनलं, थांबू नगं, बाई. थांबून काय झालं ते मला इचार. लेकराच्या डोक्यावर आपल्या मनाचं काय ठिवू नये, ते वाढत जातं.

मीच बसनार. गुडघे लई दुखत्यात, मांडी घातली का उठाय दोघं लागत्यात, पन बसंन. गोनपाट तेच हाय, दादाचं, म्या धुऊन ठिवलंय. विळी बी तीच. शमुवेलला म्हनलं, तू फाळापशी उभा राहा, बापावानी. तीन टोले दे, जादा नगं, मला आवाज सोसत न्हाई आता. देवा, येवढं लेकरू नीट वाढू दे, बाकी तुझी मर्जी. तुमी बी या मास्तर, घुगऱ्या खाऊन जा.