पूल कुणाच्या हद्दीत?

शुक्रवारी दुपारी तीनला दुबईच्या अल मनखूल भागातल्या एका हॉटेलात आमच्या आमदारांचा सत्कार होता. शाल-श्रीफळ झाल्यावर रत्नागिरीकडचे नझीरभाई म्हणाले, “साहेब, आमच्या खाडीवर पूल कधी? अम्मीला डायलिसिसला होडीतून न्यावं लागतं.”

“भाई, पूर्वी दोन्ही काठ एकाच मतदारसंघात होते. पुनर्रचनेत खाडीच हद्द झाली. आधी पलीकडच्या आमदारांना विचारा.”

“त्यांनाही इथंच शाल दिली, साहेब. ते म्हणाले, तुम्हाला विचारा!”

मी उठून ओरडलो, “मग पूल काय दुबईवाल्यांनी बांधायचा?”

“पत्रकारसाहेब, यल्ला, चला, बिर्याणी थंड होतेय,” आयोजक मला ताटाकडे नेत म्हणाले.

पुढच्याच महिन्यात नझीरभाईंच्या अम्मी भर खाडीत, होडीतच वारल्या. ती जागा कोणत्या आमदाराची, हे दोघांपैकी एकानेही अजून सांगितलेलं नाही.