उद्या दुपारी चारपर्यंत

सन्माननीय अध्यक्ष रेव्हरंड क्लेग, व्यासपीठावर बसलेले आपले खासदार मिस्टर रोलंड थर्लबी, आणि स्केलबेक खोऱ्यातल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

लॉर्ड थर्लबी जिवंत आहेत. पाच मिनिटांपूर्वी दारातच डॉक्टर मेटकाफ यांनी मला तसं सांगितलं. उद्या संध्याकाळची खात्री मात्र त्यांनी दिली नाही.

सत्कार लॉर्डसाहेबांच्या नव्वदीचा आणि खुर्ची त्यांचीच रिकामी. पण आपण खरे कशासाठी जमलोय, हे लपवून काय उपयोग? आपलं खोरं धरणाखाली बुडवायच्या विधेयकावर उद्या दुपारी चारला लंडनमध्ये मतदान आहे. जाणकार म्हणतात, फरक एका मताचा. ते विरोधातलं मत लॉर्डसाहेबांच्या मुलाचं, मिस्टर रोलंड यांचं. आणि वडिलांनी डोळे मिटले की त्याच क्षणी मुलगा लॉर्ड होऊन वरच्या सभागृहात जातो; खालच्या, खासदारांच्या सभागृहात त्याला मत राहत नाही.

लॉर्डसाहेबांना हे कुणी शिकवायला नको. एकोणतिसाव्या वर्षी तेही इथलेच खासदार होते. खाणीतल्या मुलांसाठी बोलायला उभे राहिले, अर्धं वाक्य झालं आणि तार आली: वडील घोड्यावरून पडून वारले. तिथंच थांबून त्यांना बाहेर पडावं लागलं. मला एकदा म्हणाले, "हॅना, लोक बापासाठी रडतात. मी त्या उरलेल्या वाक्यासाठी रडलो. काय माणूस म्हणायचं मला?"

आज दुपारी पोस्टात आलेल्या शुभेच्छांच्या तारा घेऊन मी हवेलीत गेले, तेव्हा डॉक्टर वेदनेवरचं इंजेक्शन भरत होते.

"यानं झोप लागेल," डॉक्टर म्हणाले.

"जाग येईल?" लॉर्डसाहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"मग ठेवून द्या. उद्या चार वाजून पाच मिनिटांनी हवी तर दोन द्या." मग माझ्याकडे वळून, "तू काय बघत उभी? केक आणलास का?"

ओठ पांढरेफटक पडले होते हो त्यांचे.

मंडळी, नव्वद वर्षांच्या माणसानं आणखी एक दिवस तळमळावं, असं आपण म्हणतोय. म्हणायचा अधिकार आहे आपल्याला? तरी सकाळपासून मी देवाकडे तेच मागतेय.

मिस्टर रोलंड, मघाशी तुम्ही म्हणालात, "मी बाबांजवळ थांबतो." नका थांबू. त्यांनीच सांगितलंय, "त्याला ढकलून गाडीत बसव."

आणखी एक. पोस्टातल्या फोनच्या जोडण्या माझ्या हातात आहेत. लॉर्डसाहेब गेल्याची बातमी लंडनला तासभर उशिरा गेली तर बिघडतं कुठे, असं काहींनी मला बाजूला घेऊन विचारलं. मिस्टर डिन्सडेल, मान खाली घालू नका, तुम्ही एकटे नव्हता. माझंही घर बुडणार आहे. माझ्या नवऱ्याची कबर बुडणार आहे. म्हणून निलाजरेपणानं मीही लॉर्डसाहेबांना तेच विचारलं. ते म्हणाले, "माझा श्वास थांबला की लगेच लंडनला फोन लाव. रोलंड मत द्यायला उठला असला तरी." मी शब्द दिलाय.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार मानते. कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. आज शब्द तोलायचं भान नव्हतं.

मिस्टर रोलंड यांची लंडनची गाडी आज सव्वासहाला आहे. डॉक्टर हवेलीतच थांबतील. उद्या सकाळी आठपासून मी फोनपाशी बसेन. चारच्या आत हवेलीतून घंटी वाजली, तर मी लंडन जोडून देणार आहे.