दादा आजही गेला

…नाही, पण मला एक सांगा, माणसाने एका भावासाठी किती वेळा रडायचं? सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा, आणि बाहेरून कोणी शिकायला आलं असेल तर जाता जाता आणखी एकदा! तुम्ही म्हणाल, भाऊ रोज कसा मरतो? मरतो! माझा मरतो! रबराचा आहे. पण रबराचा असला म्हणून काय झालं, भाऊ तो भाऊच ना?

तुम्हाला सांगतो, हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत एक खोली आहे, तिथे पलंगावर हा बाहुला आणि शेजारी ते यंत्र. म्हणजे बघा, ज्याचं हृदय नि फुप्फुसं दोन्ही संपावर गेली, त्याचं रक्त जाड नळीतून बाहेर काढायचं, यंत्रात त्याला ऑक्सिजन पाजायचा आणि पंपाने दुसऱ्या नळीतून परत आत. आमच्याकडे रक्त म्हणजे लाल रंगाचं पाणी. डॉक्टर, सिस्टर, पंपवाले, सगळे खऱ्या माणसाला हात लावण्याआधी इथे शिकतात. मला घेतलं होतं सांडलेलं पाणी पुसायला. एक दिवस शिकवणारे सर म्हणाले, "अरे, तुझा चेहरा मुळातच रडका आहे. तू पेशंटचा धाकटा भाऊ हो." आता मी कशाला कधी नाही म्हणालोय? शाळेत मास्तर ओरडले, "उद्यापासून येऊ नकोस!" तर मी हो म्हणालो आणि गेलोच नाही… ते नुसते रागावले होते, हे फार उशिरा कळलं!

तर मी दाराबाहेर बसायचं, डॉक्टर येऊन वाईट बातमी सांगणार, मी रडायचं. सर काचेमागे, त्यांचा आवाज माझ्या कानातल्या बारक्या स्पीकरमध्ये. "रड… अजून… अरे, शिंकतोस काय!"

आणि दादा जातो. दर वेळी! कधी नळी निसटते, कधी एक डॉक्टर म्हणतो, "मला वाटलं पंपाकडे तू बघतोयस," दुसरा म्हणतो, "मला वाटलं तू," आणि तेवढ्यात दादा गार! घरी गेलो की आई विचारते, "आज कशाने गेला रे?" "पंपाकडे कोणी बघितलंच नाही गं." "मेले कुठले! बरं, हात धू."

शेवटी धीर करून विचारलं, "सर, एकदा वाचवू या ना त्याला?" सर म्हणाले, "मी कोण वाचवणारा? एखादी टीम एकही चूक करणार नाही, त्या दिवशी वाचेल." झालं! तेव्हापासून नवीन टीम आली की मीच देवाला हात जोडतो. रबराचा असला म्हणून काय झालं, जीव लागतो हो!

आणि आज आली ती टीम! काय माणसं, तुम्हाला सांगतो! एक म्हणतो "चिमटा लाव", दुसरी म्हणते "चिमटा लावला", ओरडा नाही, धावपळ नाही. सरांनी गुपचूप वीज घालवली, तर पंपवाल्या ताईंनी हाताने दांडा फिरवून पंप चालू ठेवला! नळीत हवा सोडली, तीही पकडली! मी दाराच्या फटीतून बघतोय आणि डोळ्यांतून पाणी, खरं पाणी… दादा वाचला!

तेवढ्यात कानात सर. "छान टीम आहे रे. यांना अवघड पाठ देऊ. समज, बरेच दिवस गेले, फुप्फुसं सुधारत नाहीत, मेंदूत रक्तस्राव झालाय. यंत्र थांबवायचं. तू रडून हो म्हण."

अहो, समज काय समज? आत्ता वाचला होता ना!

बाहेर आली ती डॉक्टर माझ्याच वयाची. म्हणाली, "आम्ही सगळं केलं. पण आता नुसतं यंत्र चालतंय, तुमचे भाऊ परत येणार नाहीत. ते थांबवावं लागेल."

मी म्हणालो, "नाही."

कानात, "हो म्हण."

"नाही!"

"अरे, हो म्हण, जेवायची वेळ झाली!"

"नाही म्हणजे नाही! तुमची एक चूक दाखवा मला! चूक नाही, तर तो का जाईल?"

आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो. तर तीही बसली. फरशीवर, ओल्या! मग म्हणाली, "कसे होते तुमचे भाऊ?"

आता रबराच्या माणसाचं काय सांगणार? पण सांगितलं! म्हटलं, फार सोशिक. कितीही टोचा, हूं नाही की चूं नाही. छाती दाबून बरगड्या मोडल्या तरी दुसऱ्या दिवशी हजर. मी फरशी पुसताना काहीबाही बोलत बसायचो, सगळं ऐकून घ्यायचा… काचेमागे कोणीतरी खुदकन हसलं. ती हसली नाही. म्हणाली, "आमची चूक नाही, तुमचीही नाही. तरी ते जाताहेत. तुम्ही त्यांचा हात धरा. मी आहे इथे."

माझी मान कधी हलली, कळलं नाही. आत गेलो, हात धरला, तिने पंप बंद केला. लाल पाणी नळीत जागच्या जागी थांबलं.

सर धावत आले! "वा! खरे नातेवाईक अस्सेच अडतात! उद्यापासून प्रत्येक टीमला हा पाठ."

"म्हणजे सर… सगळं बरोबर केलं, तरी?"

"तरी जाणार!"

"मग वाचणार कधी?"

"तो वाचला, तर जाणाऱ्याच्या माणसाजवळ बसायचं कसं, हे यांना कोण शिकवणार?"

बरोबर आहे म्हणा. ती उद्या कोणाच्या तरी खऱ्या भावासाठी अशीच खाली बसेल. पण मी आता घरी निघालोय, आणि आई विचारणार, आज कशाने गेला? काय सांगू, कोणाचीच चूक नव्हती म्हणून? रात्रभर डोळा लागायचा नाही तिचा. त्यापेक्षा सांगतो, आजची टीम अगदीच बावळट होती.