साधीच तर हाय!

...नाही, मग कॅन्सरच हवा होता का यांना? तुम्हीच सांगा! माझ्या आईच्या डाव्या भुवईखाली हाडावर हाडाचीच गाठ आली, दगडासारखी घट्ट, दुखत नाही, खुपत नाही, पण वाढतेय... आणि आमचं अख्खं जूचंद्र गाव म्हणतंय काय? "साधीच तर हाय!"

अहो, ती साधी आहे एवढं कळायलाच वर्ष गेलं! डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलून दिला. "डोळा ठणठणीत आहे, हे हाडाचं काम." हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मी गुडघे बघतो बाई, डोळ्यापाशी हात घालत नाही." मधल्या मधे आंबेहळदीचे लेप झाले, आत्यानं नजर उतरवली... शेवटी मुंबईच्या एका सर्जननी स्कॅन काढला, दिव्यावर धरला आणि मला दाखवलं. डोळ्याच्या खोबणीत सुपारीएवढा पांढराफेक गोळा! "ऑस्टिओमा. या जागी क्वचितच होतो. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. पण डोळ्याला ढकलतेय. मागच्या नसेवर दाब आला तर नजर जाईल, आणि गेलेली परत येणार नाही. काढून टाकू."

यातलं बाबांनी काय ऐकलं? 'साधी'! तिथेच कान बंद! "भात कापून होऊ दे, मंग बगू." भात कापला. "झोडून होऊ दे." झोडला. मग चुलतभावाचा साखरपुडा! मी कवटीचं चित्र काढून समजावलं, नस दाखवली, ओरडले, "बाबा, डोळा जाईल!" तर म्हणतात, "आमाला घाबरवाला तुला कालेजात घातली काय? साधीच तर हाय!"

इकडे आईला एकाचे दोन दिसायला लागले! चहा कपाच्या बाजूला ओततेय, विळीवर बोट कापून घेतेय, रस्ता ओलांडताना एक डोळा तळहातानं झाकतेय... आणि वर हसतेय! "तुजा बाबा दोन दिसतो गो, मना एकच जड होता!" अगं हसतेस काय? पदरानं झाकली म्हणून गाठ थांबते? तर तीसुद्धा तेच! "कोनाला दिसतंय? साधीच तर हाय!"

आणि मग काय झालं ठाऊक आहे? एसटीडी बूथवरून मी त्या सर्जनना ऑपरेशनची तारीख विचारत होते आणि माझ्या मागे आत्या उभी. तिनं सगळ्या बोलण्यातला एकच शब्द उचलला. परळ! त्यांचं हॉस्पिटल परळला, एवढंच हो! पण आमच्याकडे माणूस परळला जातो दोनच कारणांनी. एक, गिरणीत कामाला... आणि गिरण्या तर केव्हाच बंद पडल्या! उरलं काय, कॅन्सरचं हॉस्पिटल!

संध्याकाळी अर्धं गाव आमच्या अंगणात. "हंसाला परल सांगितलाय गो!" रडारड! बांधाच्या भांडणावरून बोलणं टाकलेला काका टेम्पो घेऊन दारात. साखरपुडा पुढे ढकलला! आणि बाबा, भात झोडणारे तेच बाबा, पिशवी भरून तयार! मी घसा फोडून सांगतेय, "अहो, कॅन्सर नाहीये! साधी गाठ आहे!" तर आत्यानं मला पोटाशी धरलं. "रडू नको पोरी. आमाला सगला माहीत हाय."

महिनोन्‌महिने खरं सांगून एक माणूस जागचा हलला नाही हो! आणि परळ म्हटल्यावर गाव धावलं!

ऑपरेशन झालं. भुवईतून कापून गाठ काढली, तपासायला पाठवली आणि साधीच निघाली... निघणारच ना! आईचा डोळा जागेवर आला, एकाचं एक दिसायला लागलं. मला वाटलं, आता तरी पटेल. तर गाव काय म्हणतंय? "कॅन्सरची साधी झाली! देवी पावली!"

थांबा, पुढे ऐका. बाबांनी नवस बोलला होता. स्वतःचा नाही, माझा! "हंसाचा डोला वाचला तर दीपिका वरीसभर मंगलवार करील." मी, बीएस्सीची, मी! कडाडून भांडणार होते... पण आई म्हणाली, "करशील ना गो?" आणि तिचे ते दोन डोळे, सरळ, एका रेषेत, माझ्यावर. त्या डोळ्यांना नाही कसं म्हणायचं, सांगा!

आज मंगळवार. पोटात कावळे कोकलताहेत. म्हणून मघाशी फळीवरच्या डब्यात हळूच हात घातला, तोच पार ओसरीवरून हाक, "दीपिके, ठेव ती चकली!"

काय करणार... दिसतं हो तिला आता. अगदी स्वच्छ दिसतं!