झुंबरकाकांचा अंगठा

नको नको, पाय वर घेऊ नका काका — मला नाही दाखवायचा, डॉक्टर सरांना दाखवायचा, आत गेल्यावर. — हो, मी कंपनीचीच. सोमवारी सरांनी तुमच्या अंगठ्याला ती जाड, स्पंजासारखी पट्टी लावली ना, ती आमची. मी मोहिनी. तुम्ही झुंबरकाका ना, मखमलाबादचे, झेंडूवाले? सिस्टरांनी सांगितलं. म्हटलं, नंबर लागेपर्यंत बसावं जरा तुमच्याजवळ. खरं म्हणजे राखणीला बसलेय. हसा, हसा. लोक द्राक्षाचे मळे राखतात, मी एम.एस्सी. होऊन पायाचा अंगठा राखतेय.

त्याचं काय आहे — ही पट्टी रोज बदलायची नसते. ते जुनं गॉज रोज सोडायचं, रोज बांधायचं, आणि सोडताना कुठे नवी कातडी धरली असेल तर तीही उपटून निघायची. हिचं तसं नाही. ही एकदा लावली की शुक्रवारपर्यंत विसरून जायचं. आज शुक्रवार. आज सर उघडून बघणार, जखम भरत आली असेल तर सगळ्या दवाखान्यात हीच पट्टी, नाहीतर म्हणाले, "मॅडम, परत येऊ नका." आणि आमचे साहेब म्हणालेत, इथली ऑर्डर आली तर तुम्ही परमनंट, नाहीतर — नाहीतरच्या पुढे बोललेच नाहीत, नुसता चहा प्याले. माणूस चहा पिताना इतका भयंकर दिसू शकतो हे मला — आई गं! — काही नाही, स्ट्रेचर आपटलं वाटतं. मी दचकते हो. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो.

आमचा बाजार? तेजीत आहे की! लासलगावचा कांदा चढतो तसा उतरतोही, आमचं आपलं नुसतं चढतंच. मागच्या मीटिंगला मीच तक्ता दाखवला — शुगरवाले वाढले, म्हातारी माणसं वाढली, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमा वाढल्या, गॉज मागे पडतंय, फोम म्हणजे ही स्पंजवाली वर, चांदीवाली पट्टी वर — जिकडे तिकडे बाण वर! टाळ्या पडल्या. खाली मी हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, "नाशिक विभागात भरपूर वाव." आता इथे बसल्यावर वाटतंय, त्या बाणाच्या टोकाला कुणाचा तरी अंगठाच — जाऊ दे. तोंड पाडू नका, मी अशीच बोलत सुटते. — काय म्हणाले सर? काळा पडला तर काढावा लागेल? — अहो, डॉक्टर घाबरवतात. — नाही, घाबरवत नाहीत, खरंच सांगतात, पण म्हणून काय तो पडणारच आहे का? वाफ्यांतून चालता कसं येणार, हे आत्तापासून कशाला? नाही पडायचा.

मला विचाराल तर मला यातलं काही कळतच नाही. सांगू? मी अजून जखम बघितलेलीच नाही. डेमो वांग्यावर करते. भरताचं मोठं वांगं घ्यायचं, चीर द्यायची, वर पट्टी. छान बसते. लहानपणी भावाचं ढोपर फुटलं, तर तो चालत घरी आला आणि मला उचलून आणावं लागलं. अशी बाई जखमेच्या पट्ट्या विकते! आईला वाटतं, मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते.

पण एक गोष्ट मात्र मी शोधून काढली. साहेब म्हणत, पट्टी आपल्याकडे चालत नाही, महाग पडते. मी इगतपुरीपासून सटाण्यापर्यंत विचारत फिरले — महागाईचं नाही हो, बघायला येणाऱ्यांचं आहे! पाहुणा बिस्किटाचा पुडा घेऊन येतो, चहा घेतो, आणि म्हणतो, "दाखवा बरं." आता एवढ्या लांबून आलेल्या माणसाला काय नुसती पट्टी दाखवायची? बरं दिसतं का ते? मग उघडायची, त्याने "अरे बापरे" म्हणायचं, की झाली भेट. साहेबांनी ते तक्त्यातून काढायला लावलं. म्हणाले, पाहुणे हा काही मार्केटचा ट्रेंड नाही. — तुमच्याकडे नाही ना आलं कुणी? — आक्का? लासलगावची आक्का? हो, बहीण म्हटल्यावर येणारच. चहा घेतला. आणि? — काका, आणि?

थोडीच म्हणजे केवढी? — बरं, कोपरा उचलला. मग व्याही आले, ते पडले मानाचे. मग समोरच्या सखुबाई — दोनदा? चष्मा विसरल्या म्हणून? — आणि हे कडेला पिवळं, मी आपली समजतेय झेंडू — हळद? आत? आक्कांनी चिमूटभर — मूठभर? दाबून?

थांबा. बोलू नका जरा. माझ्या बॅगेत नवी पट्टी आहे. तिकडे बाथरूम आहे. ही काढायची, पुसायचं, नवी लावायची — सरांना काय कळतंय? फक्त काढणार कोण? मी? वांगेवाली? — तुम्ही काढाल हो, तुम्ही अख्ख्या गल्लीला काढून दाखवलीय! — नाही. नकोच. वरवर पुसलं तर सरांना हळद दिसायची नाही, दिसली नाही तर ते आतपर्यंत धुवायचे नाहीत, आणि मग त्या अंगठ्याचं — तुमच्या अंगठ्याला काय ठाऊक मी परमनंट व्हायचीय ते. — हात नका जोडू, काहीतरीच काय! आणि आक्कांना बोलू नका. जीव आहे म्हणून भरली त्यांनी. कुणी सांगितलं होतं त्यांना, उघडायची नाही म्हणून? आम्ही पत्रक दिलं, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीतून. — खिडकीच्या फटीत घातलं? डास येत होते? बरं केलंत. कुठेतरी चाललं म्हणायचं आमचं काही.

— आलं, तुमचंच नाव घेतलं. उठा. आत गेल्यावर मीच सांगते सरांना, पट्टी उघडली होती, हळद आहे, नीट धुवा. तुम्ही नुसतं हो म्हणा. साहेबांना फोन — तो नंतर. चपला राहू द्या इथेच. सावकाश. हात द्या. — अहो, सोडू नका काका. तुमच्यासाठी नाही धरला.